उंदराचा विसर आणि फळांचा अर्क

आजच्या व्याख्यानाचा विषय मी एका वाक्यातून घेतला आहे. असं वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं असतं, बहुतेकांनी पुढे पाठवलेलंही असतं. "अमुक फळाच्या अर्कामुळे प्राण्यांमधल्या अल्झायमरसदृश विस्मरणाला आळा बसतो, असं संशोधनात दिसून आलं." फळ दर वेळी वेगळं असतं. कधी आवळा, कधी डाळिंब, कधी ब्लूबेरी. वाक्याची ठेवण मात्र तीच.

हे वाक्य वाचताना आपली नजर फळावर थांबते. आज मला तुमचं लक्ष दुसऱ्या शब्दाकडे न्यायचं आहे. तो शब्द म्हणजे 'अल्झायमरसदृश', आणि त्यातही 'सदृश'. कारण उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. मग त्या आजारावरचा उपाय उंदरावर तपासणार कसा? तर आधी त्या उंदराला विसर पाडावा लागतो. हा विसर कशाने पाडायचा, याची उत्तरं गेल्या पन्नास-साठ वर्षांत बदलत गेली. तो इतिहास आज आपण बघणार आहोत. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की, फळाने काय साधलं हे समजून घ्यायचं असेल, तर विसर कशाने पाडला होता हे आधी विचारलं पाहिजे.

ही नुसती पंडिती चर्चा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत. म्हणजे तितक्याच घरांत कोणीतरी रोज विचार करत असतं, आईला काय देऊ? बाबांना काय चालेल? त्या घरांपर्यंत हे वाक्य पोचतं, तेव्हा त्यातल्या प्रत्येक शब्दाचं वजन ठाऊक असलेलं बरं.

दोन खुणा

सुरुवात आजारापासून करू. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर होते आलॉइस अल्झायमर. तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरं त्यांनी लिहून ठेवली. ते तिला वस्तू दाखवत, ती वस्तू ओळखत असे. पण थोड्या वेळाने मघाशी काय दाखवलं होतं असं विचारलं, की तिला सांगता येत नसे. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. तोवर अल्झायमर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू तिथे मागवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी आपली निरीक्षणं मांडली. १९१० साली त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

अल्झायमरना त्या मेंदूत दोन खुणा दिसल्या होत्या. चेतापेशींच्या बाहेर साचलेले थर, त्यांना आज आपण प्लाक म्हणतो. आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते, त्यांना टँगल म्हणतात. शिवाय पेशी मोठ्या संख्येने नाहीशा झाल्या होत्या. विसर हे त्या आजाराचं बाहेरून दिसणारं रूप, आणि आत चाललेली ही झीज. या दोन्ही गोष्टी मिळून अल्झायमर होतो. हे लक्षात असू द्या, पुढे वारंवार लागणार आहे.

उंदीर दोन-अडीच वर्षं जगतो. म्हातारपणी तोही थोडा विसराळू होतो. पण त्याच्या मेंदूत प्लाक साचत नाहीत, गुंतेही होत नाहीत. मग शास्त्रज्ञांनी ते बाहेरून घडवायचा प्रयत्न केला. १९६५ साली सशांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियमचं संयुग गेल्यावर चेतापेशींत गुंते दिसले, आणि पुष्कळांना वाटलं की आता वाट सापडली. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळलं की सशाच्या पेशीतले धागे सरळ आहेत, माणसाच्या पेशीतले जोडीने पीळ घातलेले आहेत. दिसायला सारखे, जातीने वेगळे. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांची जी भीती पुढे घराघरांत पसरली, तिच्यामागे याही प्रयोगांचा वाटा आहे.

धोतऱ्याची वाट

ज्या पद्धतीवर फळांचे बहुतेक प्रयोग उभे आहेत, ती मात्र दुसरीकडून आली. ती आली विषाच्या वाटेने, आणि हे विष आपल्या चांगलंच ओळखीचं आहे. धोतरा. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतो तो.

१५६३ साली गोव्यात एक पुस्तक छापलं गेलं. लेखक गार्सिया द ओर्ता, पोर्तुगीज वैद्य, १५३४ पासून हिंदुस्थानात राहणारा. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपाने लिहिलं, आणि त्यात एक संवाद धोतऱ्यावर आहे. चोर जेवणातून धोतरा देतात. ज्याच्या पोटात तो जातो त्याचं भान सुटतं, तो हसत राहतो, समोरून कोणी दागिने नेले तरी अडवत नाही, आणि हा अंमल सुमारे एक दिवस टिकतो, असं तो सांगतो. इंग्रजी अमलातल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतही धोतरा घालून लुटण्याच्या हकिगती येतात. माणसाच्या मनाचा ताबा काही तासांपुरता काढून घेणारी वस्तू आपल्या परसात उगवते, हे लोकांना केव्हाचं ठाऊक होतं.

धोतरा, खुरासनी ओवा आणि त्यांच्या भाऊबंद वनस्पतींत जी द्रव्यं असतात त्यांतलं एक म्हणजे स्कोपोलामीन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. मग १९०६ च्या सुमाराला फ्रायबुर्गमध्ये कार्ल गाउस आणि बेर्नहार्ड क्रोनिग या डॉक्टरांनी बाळंतपणात मॉर्फीनबरोबर स्कोपोलामीन द्यायला सुरुवात केली. कळा येत होत्या, बाई ओरडतही होती. पण नंतर तिला त्यातलं काही आठवत नसे. आता गंमत बघा. पुढचा डोस केव्हा द्यायचा हे ते वेदनेवरून ठरवत नसत, आठवणीवरून ठरवत. बाईला एखादी वस्तू दाखवायची आणि काही वेळाने विचारायचं, ही मघाशी पाहिलीत का? आठवत असेल तर औषध कमी पडलं. अल्झायमरनी ऑगस्टेला विचारला तोच प्रश्न, जवळपास त्याच वर्षांत. एका ठिकाणी आजार समजून घ्यायला, दुसऱ्या ठिकाणी विसर पुरेसा पडला का ते बघायला.

स्कोपोलामीन नेमकं करतं काय? मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी रसायनं असतात. त्यांतलं एक अ‍ॅसिटिलकोलिन. ते ज्या ठिकाणी जाऊन बसतं, त्यांतल्या काही जागा स्कोपोलामीन अडवून धरतं. निरोप येतो, पण घेणारा नसतो. १९७४ साली अमेरिकेत डेव्हिड ड्रॅकमन आणि जॅनेट लेव्हिट यांनी तरुण, निरोगी माणसांना स्कोपोलामीन दिलं आणि त्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या. आत्ता ऐकलेले आकडे ती माणसं परत म्हणू शकत होती; नवीन माहिती साठवणं मात्र त्यांना जड जात होतं. हा नमुना वृद्ध माणसांच्या नमुन्याशी जुळत होता. १९७६ साली एडिंबरामध्ये पीटर डेव्हिस आणि ए. जे. एफ. मलोनी यांनी दाखवलं की अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन बनवणारं विकर फार कमी झालेलं असतं. धागे जुळले. १९८२ साली रेमंड बार्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार एकत्र मांडला: वृद्धपणीचा विसर म्हणजे बऱ्याच अंशी अ‍ॅसिटिलकोलिनचा तुटवडा.

या विचाराने औषधं दिली, हे मान्य केलं पाहिजे. अ‍ॅसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकराला रोखलं तर ते जास्त वेळ टिकेल, या तत्त्वावर १९९३ साली टॅक्रीन आणि १९९६ साली डोनेपेझिल अमेरिकेत मंजूर झालं. डोनेपेझिल आजही आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात. त्याने काही रुग्णांना काही काळ बरं वाटतं. आतली झीज मात्र ते थांबवत नाही.

आणि याच विचाराने प्रयोगशाळेला एक सोपं साधन दिलं. उंदराला स्कोपोलामीन टोचा, अर्ध्या तासात त्याला विसर पडतो. स्वस्त, झटपट, हुकमी.

विसर मोजायचा कसा?

उंदराला प्रश्न विचारता येत नाही. एक खुलासा आधीच करतो: मराठीत आपण माऊस आणि रॅट दोघांनाही उंदीरच म्हणतो. प्रयोगांत दोन्ही असतात. मोठ्या जातीबद्दल बोलायचं असेल तेव्हा मी रॅट म्हणेन.

१९०१ साली, ज्या वर्षी ऑगस्टे दाखल झाली त्याच वर्षी, अमेरिकेत विलार्ड स्मॉल यांनी रॅटना भुलभुलैयात सोडण्याचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचा भुलभुलैया लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या बागेतल्या भुलभुलैयावर बेतलेला होता. पुढे ऐंशी वर्षांनी, १९८१ मध्ये, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात रिचर्ड मॉरिस यांनी पाण्याचा हौद आणला. गोल हौद, पाण्यात दूध घालून ते गढूळ केलेलं, आणि पृष्ठभागाच्या जरा खाली दडवलेला एक चौथरा. रॅट पोहत पोहत चौथरा शोधतो. खोलीतल्या खुणा पाहून त्याची जागा लक्षात ठेवतो, आणि रोज थोडा लवकर पोचतो. पुढच्याच वर्षी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग निकामी केला तर त्याला ती जागा लक्षात ठेवता येत नाही. अल्झायमरमध्ये लवकर झिजणाऱ्या भागांपैकी हा एक. म्हणून हा हौद जगभर गेला.

आपल्याकडच्या औषधशास्त्राच्या महाविद्यालयांत आणखी साधी उपकरणं वापरतात. अधिक चिन्हासारखा उंचावरचा लाकडी सांगाडा: दोन हात उघडे, दोन हात भिंतींनी बंदिस्त. उंदराला उघड्या हाताच्या टोकावर ठेवायचं. त्याला उघड्यावर भीती वाटते, म्हणून तो आडोसा शोधतो. पहिल्या दिवशी किती सेकंद लागले, दुसऱ्या दिवशी किती, हे मोजायचं. दुसऱ्या दिवशी लवकर पोचला, तर वाट लक्षात राहिली. हा झाला एका उंदराच्या आठवणीचा हिशेब, सेकंदांत.

हिसारचा आवळा

आता आपण आपल्या वाक्यापर्यंत आलो. हरियाणातल्या हिसारच्या गुरु जंभेश्वर विद्यापीठात मणी वासुदेवन आणि मिलिंद पारले यांनी आवळ्याच्या चूर्णावर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. भारतात या धर्तीचे पुष्कळ अभ्यास झाले, म्हणून तो नमुना म्हणून घेऊ.

उंदरांना पंधरा दिवस आवळ्याचं चूर्ण दिलं. किलोमागे ५०, १०० आणि २०० मिलिग्रॅम असे वेगवेगळे डोस. मग काही उंदरांना स्कोपोलामीनने, काहींना डायझेपामने विसर पाडला. तोच अधिकच्या चिन्हाचा सांगाडा, आणि सोबत आणखी एक चाचणी. चूर्ण खाल्लेले उंदीर अधिक चांगलं लक्षात ठेवत होते, आणि डोस वाढवला तसा परिणाम वाढत होता. तरुण उंदरांत दिसलं, म्हाताऱ्या उंदरांतही दिसलं. मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन मोडणारं विकर मंदावलेलं होतं, रक्तातलं कोलेस्टेरॉलही उतरलं होतं. अल्झायमरवर या चूर्णाचा उपयोग होऊ शकेल, अशी शक्यता लेखकांनी शेवटी नोंदवली.

हा प्रयोग पद्धतीने केलेला आहे. प्रश्न एवढाच, की त्यातून काय सिद्ध होतं?

एक दाखला देतो. विहिरीवर झाकण टाकलं की पाणी काढता येत नाही. विहीर आटली तरी पाणी काढता येत नाही. घागर दोन्ही वेळा रिकामीच वर येते. स्कोपोलामीन हे झाकण आहे. काही तासांत औषध उतरतं, झाकण आपोआप निघतं, आणि उंदराची स्मरणशक्ती जागेवर असते. एकही पेशी मेलेली नसते, प्लाक नसतो, गुंता नसतो. अल्झायमर म्हणजे आटत चाललेली विहीर. झाकण जरा सरकवता येणारी वस्तू सापडली, म्हणजे झरा जिवंत ठेवणारी वस्तू सापडली असं होत नाही. अ‍ॅसिटिलकोलिन टिकवणारं कुठलंही द्रव्य स्कोपोलामीनच्या विरुद्ध थोडंफार काम करणारच. दोघांची झटापट एकाच उंबरठ्यावर आहे. त्यामुळे आवळ्याच्या प्रयोगातून जास्तीत जास्त एवढं म्हणता येतं की, त्यात डोनेपेझिलच्या वाटेने जाणारं काही असू शकेल. 'रक्षण' हा शब्द त्याहून फार मोठा आहे.

इथे आयुर्वेदाचा उल्लेख नेहमी येतो, तेव्हा एक तपशील सांगतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनांचं प्रकरण पहिलंच आहे आणि त्यात आवळ्याला मोठा मान आहे, च्यवनप्राशही तिथलाच. पण बुद्धीसाठी म्हणून जी चार मेध्य रसायनं चरकाने वेगळी सांगितली, ती मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी. त्या चारांत आवळा नाही. परंपरेचा दाखला द्यायचा तर तोही नीट वाचून द्यावा.

म्हातारे रॅट आणि ब्लूबेरी

विसर पाडण्याची दुसरी रीत म्हणजे काहीच न करणं. रॅटला म्हातारं होऊ द्यायचं. ही महाग पडते, कारण दीड-दोन वर्षं त्याला सांभाळावं लागतं.

बॉस्टनमध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या वार्धक्यविषयक पोषण केंद्रात जेम्स जोसेफ, बार्बरा शुकिट-हेल आणि सहकाऱ्यांनी १९ महिन्यांचे रॅट घेतले. रॅटच्या हिशेबाने ही ज्येष्ठ नागरिकांची पंगत. आठ आठवडे त्यांच्या खाण्यात ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी किंवा पालकाचा अर्क मिसळला. १९९९ साली निकाल प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांची स्मरणशक्ती सुधारली होती. तोल आणि चाल यांत मात्र ब्लूबेरीचा गट उठून दिसला. इथे विसर बाहेरून घातलेला नव्हता, फळ आधीच सुरू झालेल्या उतारावर दिलं होतं. म्हणून या निकालाचं वजन जास्त. तरीही लक्षात ठेवा, हे म्हातारपण आहे, अल्झायमर नाही. म्हाताऱ्या रॅटच्या मेंदूत त्या दोन खुणा नसतातच.

जनुकांतून आणलेला आजार

तिसरी रीत १९९० च्या दशकात आली. १९८४ साली जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अमायलॉइड बीटा हे प्रथिन वेगळं काढलं. प्लाक त्याचेच बनलेले असतात. १९९२ मध्ये जॉन हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी सूत्र मांडलं की, आधी हे प्रथिन साचतं आणि बाकीची पडझड त्याच्यामागून येते. मग माणसाचं सदोष जनुक उंदरात घालून १९९५ आणि १९९६ साली असे उंदीर तयार झाले की वय वाढताना ज्यांच्या मेंदूत खरोखरच प्लाक साचतात आणि जे शिकण्यात मागे पडतात. आता 'सदृश' शब्दाला बराच जवळचा अर्थ आला.

या उंदरांवर फळांचे दोन प्रयोग फार बोलके आहेत. २००३ साली जोसेफ यांच्याच गटाने अशा उंदरांना चार महिन्यांच्या वयापासून वर्षाचे होईपर्यंत ब्लूबेरी दिली. इंग्रजी वाय अक्षराच्या भुलभुलैयात ते निरोगी उंदरांइतकेच हुशार निघाले. मेंदू तपासला तेव्हा प्लाक जेवढे होते तेवढेच! विसर रोखला गेला, साचणं नाही.

२००६ साली रिचर्ड हार्टमन, डेव्हिड होल्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी डाळिंबाचा रस घेतला. आपल्याकडे डाळिंब म्हटलं की सोलापूर, सांगोला, आटपाडी. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच २००५ साली सुरू झालं. हा प्रयोग मात्र अमेरिकेतला. उंदरांच्या एका गटाला सहा महिन्यांच्या वयापासून साडेबारा महिन्यांपर्यंत डाळिंबाचा रस, दुसऱ्याला साखरेचं पाणी. रस प्यायलेले उंदीर हौदात लवकर शिकले आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधलं साचलेलं अमायलॉइड जवळपास निम्म्याने कमी होतं.

म्हणजे एका फळाने विसर रोखला पण साचणं रोखलं नाही, दुसऱ्याने दोन्ही कमी केलं. बातमीत मात्र दोन्हींचं वाक्य एकच होतं. आणखी एक बारकावा बघा. डाळिंबाचे उंदीर पोहतही जास्त वेगाने होते. चौथऱ्यापर्यंत लवकर पोचला तो आठवलं म्हणून, की अंगात जोर होता म्हणून? हे वेगळं काढावं लागतं, आणि त्यासाठी किती वेळ लागला याबरोबर कुठल्या मार्गाने गेला हेही बघावं लागतं. मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे कळता कामा नये, हेही तितकंच महत्त्वाचं. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे अहवाल लिहिताना असे तपशील द्यायलाच हवेत, असं सांगणारी अराइव्ह ही मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये आली. त्याआधीच्या किती अहवालांत हे तपशील सापडतात, ते वाचताना पाहत जावं.

उंदरापासून माणसापर्यंत

जनुक बदललेल्या उंदरांवर यश मिळालं म्हणजे काम झालं का? १९९९ साली अमायलॉइडविरुद्धची लस अशाच उंदरांना दिली गेली आणि त्यांचे प्लाक जवळजवळ थांबले. सगळ्या जगात आशा पसरली. माणसांवर चाचणी सुरू झाली, आणि २००२ च्या सुरुवातीला ती थांबवावी लागली. लस दिलेल्यांपैकी सुमारे सहा टक्क्यांच्या मेंदूला सूज आली होती. २००२ ते २०१२ या काळात अल्झायमरसाठी माणसांवर तपासलेल्या औषधांचा हिशेब जेफ्री कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडला. २४४ द्रव्यं, आणि अपयशाचं प्रमाण ९९.६ टक्के. यातल्या बऱ्याच द्रव्यांनी आधी प्राण्यांमध्ये आशा दाखवली होती.

वनस्पतींच्या अर्कांनाही हीच परीक्षा द्यावी लागते. गिंकोच्या पानांचा अर्क ७५ वर्षांवरच्या तीन हजारांहून अधिक माणसांना वर्षानुवर्षं देऊन पाहिला. २००८ साली निकाल लागला: स्मृतिभ्रंश टळला नाही.

आणि डाळिंब? २०१३ साली लॉस एंजेलिसमध्ये २८ वयस्कर माणसांवर चार आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यात काही फायदा दिसला. मग तिथल्याच गटाने मोठा प्रयोग केला. ५० ते ७५ वयाची २६१ माणसं, पूर्ण वर्ष, अर्ध्यांना रस, अर्ध्यांना तसंच दिसणारं आणि तशाच चवीचं पेय. दोनशे जणांनी वर्ष पूर्ण केलं. २०२० साली निकाल आला. पाहिलेल्या आकृती शिकण्याच्या एका चाचणीत रसाचा गट जागेवर राहिला, दुसरा गट घसरला. काही वेळाने त्या आकृती आठवण्यात फरक नव्हता. ही माणसं निरोगी होती, अल्झायमरची नव्हती. मला हा निकाल फार आवडतो. त्यात चमत्कार नाही. जेवढं दिसलं तेवढंच सांगितलं आहे.

याच फळाची दुसरी बाजूही आहे. हृदयविकार आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावर डाळिंबाचा रस गुणकारी असल्याच्या जाहिरातींवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१० मध्ये पॉम वंडरफुल या कंपनीवर कारवाई सुरू केली. २०१५ साली तिथल्या अपील न्यायालयाने आयोगाचं म्हणणं मुख्यतः उचलून धरलं: आजारावर उपयोग होतो असं म्हणायचं असेल, तर माणसांवरची किमान एक नियंत्रित चाचणी हातात पाहिजे.

डोसाबद्दलही एक गैरसमज असतो. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिलं, म्हणून ६० किलोच्या माणसाला सरळ १२ ग्रॅम, असा गुणाकार होत नाही. लहान प्राण्याच्या शरीरात औषध भराभर निकाली निघतं. शरीराच्या पृष्ठभागावरून काढायच्या प्रचलित हिशेबाने उंदराचा आकडा साधारण १२ ने भागतात. मग ते येतं जेमतेम एक ग्रॅम. आणि हा हिशेबसुद्धा माणसांवरच्या चाचणीत सुरुवात कुठून करावी यासाठी आहे, घरी काय घ्यावं यासाठी नाही. शिवाय अर्क कसा काढला, पाण्यात की अल्कोहोलमध्ये, फळ कुठल्या जातीचं, यावर त्यातली द्रव्यं बदलतात. प्रयोगातला अर्क आणि दुकानातली बाटली, दोन्हींवर नाव एकच असतं, म्हणून आतला माल एकच असतो असं नाही.

मग हे प्रयोग करूच नयेत का? तसं मी म्हणत नाही. मॉरिसच्या हौदाशिवाय, त्या उंदरांशिवाय आज आपल्याला या आजाराबद्दल जे कळतं त्यातलं बरंच कळलं नसतं. आपल्या देशात १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, १९९८ चे नियम आहेत, संस्थेच्या समितीची परवानगी लागते. एवढे जीव खर्ची घालायचे, तर प्रश्न त्या खर्चाच्या तोलाचा असावा. झाकणवाला प्रयोग शंभराव्यांदा नव्या फळावर करण्यापेक्षा, ज्या एका-दोन फळांत काही दिसलं आहे त्यांना आटणाऱ्या विहिरीपर्यंत आणि पुढे माणसांपर्यंत नेणं जास्त कठीण आहे, जास्त खर्चाचं आहे, आणि मला वाटतं, त्याचीच आपल्याकडे उणीव आहे.

आणि घरी बसून हे वाक्य वाचणाऱ्या मुलीला किंवा मुलाला काय सांगाल? मी म्हणेन, आईला डाळिंब जरूर सोलून द्या, आवळ्याचं लोणचं आवडत असेल तर तेही वाढा. मधुमेह असेल तर रसातल्या साखरेकडे लक्ष ठेवा. फळ हे फळ म्हणून द्या. पण डॉक्टरांची गोळी बंद करून चूर्णावर विसंबू नका, आणि महागडा अर्क घेण्यापूर्वी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा. उंदराला विसर कशाने पाडला होता? आणि माणसाला देऊन पाहिलं का? पहिल्याचं उत्तर बहुधा स्कोपोलामीन असेल. दुसऱ्याचं उत्तर ऐकण्यासाठी थोडं थांबा, कारण पुष्कळदा तिथे शांतता पसरते.

आता प्रश्न असतील ते जरूर विचारा.